निफाडच्या गारठ्यातले कोळी

[पहाट. द्राक्षबागेत शेकोट्यांचा धूर. कॅमेरा बागेवरून बांधाकडे वळतो.]

निफाड तालुका, जानेवारी. गारठ्यानं द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटल्यात. आपण मात्र बांधावर बघू या.

[दंवानं पांढरी झालेली जाळी.]

या सगळ्या चादरी कोळ्यांनी विणलेल्या. एरवी पायाखाली आल्या तरी कळत नाहीत. दंव पडलं की लपत नाहीत.

[जवळून: नरसाळ्याचं तोंड.]

प्रत्येक चादरीच्या कडेला एक नरसाळं, आणि आत हिप्पासा. हा लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. त्याचे बहुतेक भाऊबंद जाळं न विणता, धावून शिकार करतात. हा जाळं विणून बसतो. जाळ्याला चिकटपणा नाही. किडा धाग्यांत अडखळला की थरथर आतपर्यंत पोचते.

[गवताच्या काडीनं जाळं हलवलं.]

आला! पण किती सावकाश, बघा. कोळ्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. शिवाय पाय दुमडायला स्नायू आहेत, पण पायांचे मुख्य सांधे सरळ करायला नाहीत. तिथं तो अंगातला द्रव दाबानं पायांत ढकलतो, जेसीबीच्या हातासारखा. गारठ्यात हे सगळंच मंदावतं.

[नकाशा, मग हिमशिखरांची छायाचित्रं.]

तरी इथं बर्फ नाही. युरोप-कॅनडात काही चिमुकले कोळी ऐन हिवाळ्यात बर्फावर चालताना दिसतात. बर्फाच्या थराखाली, जमिनीलगत पोकळी राहते. वर कडाका असला तरी तिथं तापमान शून्याच्या आसपास. हवा जरा नरमली की ते वर येतात. काहींच्या अंगात ग्लिसरॉलसारखी द्रव्यं असतात, त्यामुळे शून्याखालीही ते गोठत नाहीत. एव्हरेस्टच्या 1924 च्या मोहिमेत तर सुमारे 6,700 मीटरवर उड्या मारणारा कोळी सापडला! त्याला निफाडचा गारठा म्हणजे उन्हाळाच.

[शेजारचा बांध: पिवळं, वाळलेलं गवत.]

इथं तणनाशक मारलंय. जाळी नाहीत.

[पुन्हा पहिला बांध. ऊन.]

दंव विरलं, चादरी दिसेनाशा झाल्या. कोळी नरसाळ्याच्या तोंडाशी येऊन बसलाय. आणि हा तुडतुडा, पानांतला रस शोषणारा, बागेतून उडून थेट जाळ्यावर. या वेळी कोळी रेंगाळला नाही. मागं ऐकू येतोय तो फवारणीचा ब्लोअर. तो दोघांनाही मारतो.