दोन डब्यांची चूल

हा जो धूर दिसतोय ना, तीन दगडांच्या चुलीतला, डोळ्यांत जाणारा, हे आपलं सरपणच आहे, न जळता हवेत चाललेलं. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं, मग २००-३०० डिग्रीच्या पुढं गॅस सुटायला लागतो, ज्वाळा असते ती या गॅसची, आणि त्याला पुरेशी गरम हवा मिळाली नाही की त्याचाच धूर होतो.

तोरण्याच्या पायथ्याशी, शेताच्या बांधावर आम्ही हा धूरच जाळणारी दोन डब्यांची चूल मांडलीय. आत दूध पावडरचा डबा, बाहेर त्याहून मोठा तुपाचा, मधे बोटभर फट, आणि ती फट वरून झाकणानं बंद. जवळून बघा. आतल्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, काठाच्या दोन बोटं खाली भोकांची अजून एक रांग, बाहेरच्या डब्याला मात्र फक्त खाली. हवा खालून शिरते, थोडी बुडातून सरपणाला मिळते, बाकीची फटीतून चढता चढता तापते आणि वरच्या भोकांतून आत येते.

आता काटक्या. या वाळलेल्या कारवीच्या आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळून जाते, त्यामुळे जिवंत झाडाला कोयता लावायची गरजच नाही, खरंच नाही. करंगळीएवढी जाड, कट्‌ करून मोडली तर घ्यायची, वाकली तर ओली, बाजूला. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. काटक्या उभ्या रचायच्या, वरच्या भोकांच्या खालीच थांबायचं, ती झाकली गेली की सगळं मुसळ केरात.

आणि पेटवायचं वरून! चूल खालूनच पेटवायची हे हाताला इतकं बसलंय की इथंच सगळे चुकतात. वर सुकं गवत, बारीक ढलप्या, एक काडी. रॉकेल नाही, फुंकणी नाही. आग हळूहळू खाली उतरते आणि खालून सुटणारा गॅस वरच्या ज्वाळेत जळतो. सुरुवातीला थोडा धूर येईल, येऊ द्या.

आता बघा. प्रत्येक भोकातून एक जीभ, गॅसच्या बर्नरसारखी.

(इथं निवेदन थांबतं, नुसता चुलीचा आवाज.)

वरून पेटवायची ही पद्धत अमेरिकेत टॉम रीड या शास्त्रज्ञांनी १९८५ च्या सुमारास मांडली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘आरती’ (ARTI) संस्थेनंही लाकडाच्या गॅसवर चालणारी ‘संपदा’ चूल केली, तिच्यात स्वयंपाक झाल्यावर कोळसा उरतो.

पातेलं काठावर टेकवू नका, तीन खड्यांवर इंचभर उंच ठेवा, नाहीतर ज्वाळा गुदमरते आणि परत काजळी. तंबूत ही चूल अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो. अभयारण्यात आग पेटवायची नाही.

हे पातेल्याचं बूड, चहा उकळल्यानंतरचं. आणि हे निखारे, पाणी ओतून, हाताला गार लागेपर्यंत.