आयत अर्ध्यावर सोडू नये

आमच्या घोरपडे पेठेतल्या घरात कुरआन सर्वांत वरच्या फळीवर, हिरव्या जुझदानात, म्हणजे कापडी वेष्टनात, गुंडाळलेला असे. नानी वुजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, तो खाली उतरवी, रेहल या लाकडी घडवंचीवर उघडी आणि दर रमजानमध्ये संपूर्ण वाचून काढी. तिला अरबी अक्षरे येत, भाषा येत नसे. अर्थ विचारला की ती म्हणे, “मतलब मौलाना कू पूछ.” ग्रंथाचा आदर बायकांनी करायचा आणि अर्थ पुरुषांनी सांगायचा, ही वाटणी ग्रंथाने केलेली नाही, ती आपल्या घराघरांत झाली आहे.

कुरआनच्या सूरह अन्-निसा या अध्यायाची तिसरी आयत, म्हणजे तिसरे वचन, घ्या. तिच्यातले ‘दोन, तीन, चार’ एवढे तीन शब्द प्रत्येकाला तोंडपाठ असतात. पण ती आयत लग्नाने सुरू होत नाही, अनाथांपासून सुरू होते: अनाथांना न्याय देता येणार नाही अशी भीती वाटत असेल तर, असा तिचा आरंभ आहे. इ.स. 625 च्या उहुदच्या लढाईत सुमारे 70 मुसलमान मारले गेले आणि विधवा व पोरकी मुले मागे राहिली, ही पार्श्वभूमी अनेक भाष्यकार सांगतात. चारच्या पुढे आयत पुन्हा अट घालते, की बायकांमध्ये न्याय राखता येणार नाही असे वाटले तर एकच. त्याच सूरहची 129 वी आयत म्हणते, की तुम्ही कितीही मनावर घेतले तरी बायकांमध्ये समन्याय तुम्हाला जमणार नाही. जुन्या फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी, यातून वाट काढली: पहिला न्याय खर्चाचा आणि वेळेचा, दुसरा मनाच्या ओढीचा. इजिप्तचे सुधारक धर्मपंडित मुहम्मद अब्दुह यांनी मात्र दोन्ही आयती एकत्र वाचून बहुपत्नीत्व आटोक्यात आणण्याच्या बाजूने मत मांडले आणि ट्युनिशियाने 1956 मध्ये अशाच वाचनाचा आधार घेत त्यावर कायद्याने बंदी घातली.

याहून अवघड आहे ती त्याच सूरहची 34 वी आयत, न जुमानणाऱ्या बायकोशी नवऱ्याने कसे वागावे हे सांगणारी. तिच्यातल्या ‘दरब’ या धातूचा अर्थ मारणे असा होतो. कुरआनात तोच धातू दाखला देणे आणि प्रवास करणे या अर्थांनीही येतो. त्यावरून ‘दूर व्हा’ असा अनुवाद काहींनी केला. त्यांचा हेतू मला पटतो, व्याकरण तितकेसे पटत नाही. शब्दकोश ताणण्यापेक्षा पैगंबरांनी कधी कोणा स्त्रीवर हात उगारला नाही, ही त्यांच्या पत्नी हजरत आयेशांची साक्ष आणि लगेच पुढच्या आयतीतला दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमण्याचा आदेश मला अधिक भक्कम वाटतो.

तलाकच्या बाबतीत तर मूळ शब्द स्पष्ट आहेत. ‘तलाक दोनदा, मग रीतीने ठेवून घ्या किंवा भलेपणाने सोडा’, असे सूरह अल्-बकराची 229 वी आयत सांगते. एका दमात तीनदा उच्चारण्याची सोय तीत नाही. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही पद्धत रद्द केली, तेव्हा एका न्यायमूर्तींनी कुरआनच्याच आयतींचा आधार घेतला होता.

पुण्यात हा विषय बोलताना मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचे नाव टाळता येत नाही. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची भिस्त संविधानावर होती, आयतीच्या अर्थावर नव्हती. अर्थ लावत बसलो तर निवाडा पुन्हा अर्थ लावणाऱ्याच्याच हाती राहतो, हा त्यांच्या बाजूचा आक्षेप मला खोडता येत नाही आणि नागरिक म्हणून मी कायद्याकडेच जाईन. पण माझ्या ओळखीच्या बहुतेक बायका कोर्टात नव्हे, काझीसमोर बसतात. तिथे त्यांना आपली आयत पूर्ण ठाऊक असणे उपयोगी पडते.

नानी गेल्यावर तिच्या पेटीत तिचा निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करारनामा, सापडला. मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम उर्दूत नीट लिहिलेली होती. निकाहात पत्नीला अटी घालता येतात, ठरावीक परिस्थितीत तलाकचा अधिकारही स्वतःकडे मागून घेता येतो. शास्त्रात त्याला तफवीज म्हणतात. नानीच्या कागदावर शर्तींसाठी दोन ओळी सोडल्या होत्या. त्यांवर कोणीतरी पट्टी लावून सरळ रेघ मारलेली होती.