लाइन पडली, पण राउटरला कळलं का?

शाखेची मुख्य लाइन पडली की पलीकडे फोन लावून जोडणी चालू ठेवणं हे राउटरला फारसं अवघड नसतं. नंबर दिला, एकमेकांची नावं आणि चॅपचा, म्हणजे ओळख पटवण्याच्या पद्धतीचा, पासवर्ड दोन्हीकडे जुळला, की काम झालं. पासवर्डात एखादं अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं असेल तर कॉल लागतो आणि लगेच तुटतो, आणि डीबग (आत काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावल्याशिवाय त्याचं कारण सापडत नाही. पण हा झाला किरकोळ त्रास. खरी डोकेदुखी असते ती फोन कधी लावायचा आणि कधी ठेवायचा, ही. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोडेमचा आवाजही ऐकला नसेल, म्हणून थोडं मागचं सांगतो. 2000 सालच्या आसपास आपल्याकडे बँकांच्या कितीतरी शाखा 64 केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कायमच्या जोडणीवर, चालायच्या. लाइन गेली की काउंटरवर रांग. म्हणून जोडीला आयएसडीएन, म्हणजे डिजिटल फोनलाइन, घ्यायचे. त्यात डेटासाठी 64 केबीपीएसचे दोन बी चॅनल आणि सिग्नलिंगसाठी 16 केबीपीएसचा डी चॅनल. आयएसडीएन नसेल तिथे राउटरच्या ऑक्स (जादाच्या) पोर्टला साधा मोडेम. आयएसडीएनचा कॉल काही क्षणांत लागतो, पण मोडेमना एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. सिस्कोचा राउटर कॅरियरची, म्हणजे जोडणी जुळल्याच्या सिग्नलची, वाट मुळात 30 सेकंदच बघतो. ही मुदत वाढवली नाही, तर जुळत आलेला कॉल राउटर स्वतःच तोडून टाकतो.

आता सगळ्यात सोपी पद्धत. मुख्य लाइन लागते त्या सीरियल इंटरफेसवर ‘बॅकअप इंटरफेस’ ही कमांड द्यायची, आणि खाली ‘बॅकअप डिले 10 60’. म्हणजे लाइन पडल्यावर 10 सेकंद थांबून बॅकअप उठवा आणि लाइन परत आल्यावर 60 सेकंद थांबून तो झोपवा. दुसरा आकडा मोठा का? कारण पावसाळ्यात लाइन येते, जाते, पुन्हा येते. प्रत्येक वेळी फोन ठेवत बसलात तर शाखेतल्या माणसाला एकही एंट्री पुरी करता येणार नाही.

पण ही पद्धत फक्त आपल्या दारापर्यंतचं बघते. साध्या एचडीएलसी लाइनवर (दोन राउटर थेट जोडलेले) दर 10 सेकंदांनी कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असा संदेश, जातो, तीन चुकले की प्रोटोकॉल डाउन, तिथे ठीक चालतं. फ्रेम रिलेमध्ये (टेलिकॉम कंपनीच्या स्विचांमधून जाणाऱ्या जोडणीत) मात्र राउटर बोलतो तो जवळच्या स्विचशी. पलीकडचा पीव्हीसी, म्हणजे त्या शाखेपर्यंतची आभासी वाट, मेला तरी स्विच ‘मी आहे’ म्हणत राहतो, मुख्य इंटरफेस अप दिसतो, आणि बॅकअप निवांत झोपलेला. तिथे त्या एका पीव्हीसीसाठी पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस करून बॅकअप त्याच्यावर लावावा लागतो.

माझी पसंती फ्लोटिंग स्टॅटिक रूटला, म्हणजे हाताने लिहून राखीव ठेवलेल्या रस्त्याला. ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) याचं ‘अंतर’ 110, आणि ज्याचं अंतर कमी तो रूट आधी, मग डायलकडे जाणारा स्टॅटिक रूट 200 देऊन लिहायचा. ओएसपीएफचा रूट आहे तोवर हा वर येतच नाही. तो गेला की हा रूटिंग टेबलात येतो आणि पहिलं योग्य पॅकेट फोन लावतं. इथे लाइनच्या दिव्यावर काही अवलंबून नाही, पलीकडचा राउटर बोलतोय की नाही यावर आहे.

‘योग्य पॅकेट’ कोणतं हे डायलर-लिस्ट ठरवते, आणि बिलाचा खेळ इथेच होतो. आयडल टाइमआउट, म्हणजे योग्य पॅकेट नसेल तर फोन ठेवण्याची मुदत, मुळात 120 सेकंदांचा. योग्य पॅकेट गेलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. डायल इंटरफेसवर ओएसपीएफ चालू ठेवलंत आणि लिस्टमध्ये ते नाकारलं नाहीत, तर त्याचा दर 10 सेकंदांनी जाणारा हॅलो संदेश लीज्ड लाइन धडधाकट असतानाही रात्रंदिवस फोन चालू ठेवतो. एनटीपीचंही, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचंही, तसंच. सर्व्हरला वेळ विचारण्याचं अंतर सुरुवातीला 64 सेकंद असतं, 120 च्या निम्म्याजवळ. लाइन पडलेली असताना हे पॅकेट योग्य धरलं, तर शाखेचं शटर पडलं तरी फोन ठेवला जात नाही. आणि दोन्ही बी चॅनल जोडले असतील तर ते दोन कॉल, बिलाचे पल्सही दोन्हींचे पडतात. लिस्टमध्ये आधी नाकारायचं ते लिहा, मग बाकी आयपीला परवानगी द्या.

चाचणी घेताना बरेच जण मुख्य इंटरफेसवर ‘शटडाउन’ देतात आणि बॅकअप का उठत नाही म्हणून डोकं धरून बसतात. बॅकअप इंटरफेस पद्धतीत तुम्ही मुद्दाम बंद केलेला इंटरफेस बिघाड धरलाच जात नाही. सरळ केबल उपसा. तीही शाखा उघडी असताना, मॅनेजरसाहेबांना सांगून.

आणि एकदा खाली उतरून पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्यावरच्या टेलिफोन केबलच्या पेटीपर्यंत, चालत जा. लीज्ड लाइन आणि आयएसडीएन एकाच भूमिगत केबलच्या दोन जोड्यांवर आल्या असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. आज फायबरच्या जोडीला फोरजीचं सिम असतं, डायलर-लिस्टऐवजी पलीकडच्या पत्त्याला पिंग करून रूट बदलणारं ट्रॅकिंग असतं. तरी त्या सिमच्या टॉवरचं फायबर कुठल्या चरातून जातं, हे सिम घेण्याआधी विचारा. दुकानदाराला माहीत नसतं, केबल टाकणाऱ्या ठेकेदाराला माहीत असतं.