शेतसनद्याची समाधी

[दृश्य : बेळगाव-खानापूर रस्ता, पिरनवाडीचा चौक, सकाळची रहदारी]

बेळगावातून खानापूरकडं निघालं की पिरनवाडी लागते. चौकात पुतळा आहे कित्तूरच्या गादीसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाचा आणि चौकाला नाव आहे छत्रपती शिवाजी महाराजांचं. २०२० च्या ऑगस्टमध्ये या पुतळ्यावरून इथं लाठीमारापर्यंत वेळ आली होती. मग दोन्हीकडची माणसं बसली आणि पुतळा रायण्णाचा, चौक शिवरायांचा, असं ठरलं. सीमाभागात असले तंटे नवे नाहीत. पण हाच रस्ता पुढं नंदगडला जातो, आणि तिथं मराठी बोलणारी बाई काय, कन्नड बोलणारी काय, एकाच वडाखाली नवस बोलते.

[दृश्य : नंदगड. वडाच्या फांद्या, त्यांना बांधलेले पाळणे. कॅमेरा जवळ जातो.]

नंदगड, तालुका खानापूर. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी रायण्णाला इथं फाशी दिलं. त्याची समाधीही इथंच. तिच्यावरचा वड त्याचा सोबती बिचगत्ती चन्नबसप्पा यानं लावला, असं सांगतात. फांद्यांना छोटे लाकडी पाळणे टांगलेले आहेत. काहींचा रंग पार उडालाय, काही अजून कोरे करकरीत. मूल व्हावं म्हणून पाळणा बांधायचा. त्याच्या गावी, संगोळीतल्या छोट्या देवळात रायण्णाच्या मूर्तीच्या दोन बाजूंना तालमीतली लाकडी वजनं ठेवलीत. त्यातलं एक खुद्द त्यानं फिरवलेलं, अशी गावाची खात्री.

रायण्णा राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो शेतसनदी होता. म्हणजे गावाची राखण करायची, वर्दी आली की हत्यार घेऊन हजर व्हायचं आणि त्या बदल्यात सनदेनं मिळालेली जमीन कसून खायची. इंग्रजी अंमल आला तशा या जमिनींवर संक्रांत आली. काही जप्त झाल्या, काहींवर सारा चढला.

आता त्यानं वार कुठं केला ते बघा. बिडी, नंदगड, खानापूर, संपगाव. सरकारी कचेऱ्या आणि खजिने. कचेरीत काय असतं? दप्तर! कुणाची जमीन किती, कुणाकडं सारा किती थकला, सगळं तिथं रुमालात बांधलेलं. रुमाल जळाला की वसुलीचा कागदच गेला. गावोगावची कुळं या माणसाच्या मागं का गेली, याचं कोडं पडायचं कारण नाही. नेतृत्व शिकवणाऱ्या शिबिरांत पडद्यावर चकचकीत चित्रं दाखवतात. या शेतसनद्याला आपल्या माणसांचं दुखणं कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात ठेवलंय एवढं पक्कं ठाऊक होतं.

[दृश्य : बैलहोंगल, राणी चन्नम्मांची समाधी]

पण रायण्णाची गोष्ट बैलहोंगलला आल्याशिवाय पुरी होत नाही. ही कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी. माहेर काकती. कोल्हापूरहून बेळगावला येताना, शहराच्या अलीकडं, महामार्गावरच हे गाव लागतं. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्र सर्जा वारला. गादीचा वारस म्हणून घेतलेल्या शिवलिंगप्पाचं दत्तकविधान धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे यानं मानलं नाही. खजिन्याला मोहोर लावली, पहारे बसवले. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचा दरवाजा बंद दिसला तेव्हा घड्याळ लावून मुदत दिली, आणि नाही उघडलात तर तोफेनं उडवतो म्हणाला. दरवाजा उघडला, पण आतून कित्तूरची फौज बाहेर पडली. थॅकरे जागीच ठार झाला आणि त्याच्यामागं पलटणीची दाणादाण उडाली. धारवाडला त्याचं स्मारक आहे. माणूस शूर असेलही, पण समोरच्याला बोलायला जागाच न ठेवण्याची किंमत त्यानं मोजली, आणि त्याच्या शिपायांनीही.

त्या दिवशी स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट असे दोन इंग्रज अधिकारी राणीच्या हाती लागले. दरवाजावर तोफा रोखणाऱ्यांची माणसं! पण राणीनं त्यांना जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि लढाई थांबेल या बोलीवर डिसेंबरच्या सुरुवातीला सोडून दिलं. हाच एलियट पुढं दक्षिणेतल्या शिलालेखांचा आणि नाण्यांचा मोठा अभ्यासक झाला.

कैदी सुटले तरी तोफा थांबल्या नाहीत. ५ डिसेंबरला किल्ला पडला. राणीनं हातचे ओलीस उगाच सोडले, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. ओलीस धरून ठेवले असते तर किल्ला चार दिवस जास्त तगला असता इतकंच. सोडल्यामुळं शब्द कुणी मोडला, हे मुलखाला कळलं.

राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. २ फेब्रुवारी १८२९ ला तिथंच तिचं निधन झालं. कंपनी सरकारच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं. रायण्णाचा उठाव पेटला तो यानंतर. किल्ला नाही, खजिना नाही, राणीही गेलेली, आणि गावचा एक शेतसनदी शिवलिंगप्पाला गादीवर बसवायचं म्हणून उभा राहतो! चन्नम्मांच्या कारभाराचा याहून मोठा दाखला मला सापडलेला नाही.

[दृश्य : मलप्रभेचं पात्र, संगोळी]

रायण्णाच्या बाबतीत मात्र हात आखडूनच बोलावं लागतं. १८३० च्या एप्रिलमध्ये तो पकडला गेला. फितुरीनं, आणि फितूर परके नव्हते, याच मुलखातले गौडा, म्हणजे गावचे पाटील होते. शेतसनदी आणि लहान कुळं त्याच्या बाजूला होती. ज्यांची वतनं शाबूत होती, त्यांना बंडात गमवायलाच जास्त होतं, आणि त्यांना धरून ठेवणारं रायण्णाकडं काही नव्हतं. त्याच्यामागं कित्तूर परगण्यात लहानसहान उठाव होत राहिले, पण कचेऱ्यांमागून कचेऱ्या पेटवत जाणारा दुसरा कुणी उभा राहिला नाही.