टोपी पडते तेव्हा

तासगाव तालुका. नोव्हेंबरची सकाळ. गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, 40 दिवस होत आलेत. बागेत शिरलं की आधी वास जाणवतो, मंद, गोडसर. द्राक्षबाग फुलोऱ्यात आहे.

काका एक घड हातावर घेतात आणि डोळ्यांजवळ नेतात. ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी कळी. इतर फुलं वरून उमलतात, द्राक्षाचं उलटं. 5 पाकळ्या शेंड्याशी एकमेकींना चिकटलेल्या. त्या देठाकडून सुटतात आणि अख्खी टोपीच गळून पडते. आत बघा. मधोमध सुरईसारखा बीजांडकोश, हा मादी भाग. भोवती 5 पुंकेसर, हे नर. एवढ्याशा फुलात दोघंही. म्हणून हे द्विलिंगी फूल. पराग शेजारच्या शेजारी पडतो, मधमाशीची वाट बघावी लागत नाही.

याची किंमत पपई लावणाऱ्याला विचारा. नर झाड निघालं की उपटायचं. द्राक्षाची रानवेलही तशीच, एक वेल नर, एक मादी. युरोप आणि पश्चिम आशियातल्या नदीकाठच्या रानात ती आजही सापडते. मादी वेलीच्या फुलात पुंकेसर दिसतात खरे, पण खाली वाकलेले, त्यांचे पराग निकामी. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी एकटीनंच फळ धरणारी वेल दिसली असणार. त्यानं तिची काडी लावली. आपण अजून तेच करतोय, काडीवरून काडी.

मग थॉमसन किंवा बोरगावच्या शेतात निवडलेली तास-ए-गणेश, या बिनबियांच्या जातींना परागाची गरज काय? गरज आहे. फलन होतं, बी धरतंही, पण अर्ध्यावरच त्याची वाढ थांबते. मणी फुगवणारं संप्रेरक बी तयार करत असतं. ते कमी पडतं, म्हणून तर घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाच्या, द्रावणात बुडवायचे.

फुलोऱ्याच्या या दिवसांत पावसाचं नाव काढलं तरी बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. भिजलेली टोपी सुटत नाही, फुलावरच चिकटून बसते. मणी धरत नाही, गळ होते. वर्षभराचा खर्च या चिमुकल्या टोपीवर टांगलेला.

आज आभाळ भरून आलंय. काका घडाखाली तळहात धरतात आणि हळूच टिचकी मारतात.

हातावर टोप्या पडतात. तपकिरी, कोरड्या.