खरचटलंय फक्त

(डिचोली तालुक्यातल्या पालकांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. चांगली बातमी आधी सांगून टाकतो. मिशन रेबीज ही संस्था आणि आपलं सरकार यांनी गावोगाव फिरून, जाळ्या टाकून भटक्या कुत्र्यांना लस टोचली, आणि 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. देशात पहिलं राज्य. अभिमान वाटावा असंच काम आहे ते. पण नियंत्रित म्हणजे नामशेष नव्हे. शेजारच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्गातून डिचोलीत यायला कुत्र्याला परवाना लागत नाही. म्हणून "आता गोव्यात रेबीज नाही ना, डॉक्टर?" असं कोणी विचारलं की मी लगेच मान डोलवत नाही.

आज बोलायचंय ते लहान जखमेबद्दल. पोटरीचा लचका तोडला, रक्त वाहतंय, तर आई-बाप चपला न घालता धावत येतात. त्यांची मला काळजी नसते. काळजी असते ती "काही नाही हो, खरचटलंय फक्त" म्हणणाऱ्यांची. त्याहून जास्त, घरी काहीच न सांगणाऱ्या पोराची. संशयित पिसाळलेलं जनावर चावलेल्यांत 15 वर्षांखालची मुलं साधारण 40 टक्के असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल बुटकं, त्यामुळे कुत्र्याचं तोंड आणि मुलाचा चेहरा एका उंचीवर येतात. चेहऱ्यापासून मेंदू जवळ, म्हणून विषाणूचा प्रवासही थोडक्यात उरकतो. एरवी लक्षणं दिसायला एक ते तीन महिने लागतात, चेहऱ्यावरच्या चाव्यात त्याहून लवकर दिसू शकतात. आणि लक्षणं दिसल्यावर आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

मूल लपवतं, कारण त्यानेच कुत्र्याची शेपटी ओढलेली असते, किंवा ओरडा बसेल ही भीती. शिवाय पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दंतकथा आजी अजून सांगते. ती जुनी लस देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली, हे आजीला कोणीतरी सांगा. म्हणून मी मुलाला "चावला का?" असं विचारत नाही, त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. मी विचारतो, "कुत्रा कुठे होता? तू काय करत होतास? मग त्याने काय केलं?" आणि कपडे काढून सगळं अंग बघतो. केसांत बोटं फिरवून टाळू, कानामागे, बोटांच्या बेचक्या. दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्यावर दाताचं बारीकसं छिद्र दिसलं तर कवटीपर्यंत गेलंय का हे पाहावंच लागतं. वरून ते डास चावल्यासारखं दिसतं.

आता प्रतवारी. धड कातडीवर चाटलं, तर पहिली श्रेणी: धुवा आणि घरी जा. दातांनी नुसतं कुरतडलं, रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरी: लस. कातडी फाटली, थेंबभर का होईना रक्त आलं, जुन्या जखमेवर किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली, तर तिसरी: लस आणि सीरम (तयार प्रतिकारकांचं इंजेक्शन) दोन्ही. जखमेच्या लांबी-रुंदीचा इथे संबंध नाही. पिल्लू आहे म्हणून सूटही नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाला लस झालेली नसते आणि दात सुईसारखे असतात. मांजर, माकड यांनाही हाच नियम.

घरी करायचं काम एकच. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावा, कारण मूल रडत असताना दोन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं. हळद, चुना, मिरचीपूड, कॉफी काही चोपडू नका. ते काढायला आम्हाला पुन्हा जखम चोळावी लागते.

सीरमबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गडबड इथेच होते. लशीने शरीरात प्रतिकारक तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर जखमेतल्या विषाणूला तिथल्या तिथे अडवतं ते सीरम. म्हणून ते दंडात नव्हे, जखमेतच भरायचं असतं. घोड्यापासून केलेलं सीरम दर किलोला 40 युनिट. बारा किलोच्या मुलाला 480, म्हणजे नेहमीच्या बाटलीतलं दीड मिलीच्या जरा वर. एवढ्यात चार-पाच जखमा कशा भरणार? मग सलाइन मिसळून पातळ करतात, पण एकही जखम कोरडी ठेवत नाहीत. बोटाच्या टोकाला मात्र फार भरता येत नाही, रक्तपुरवठा दाबला जातो. मूल किंचाळतं, बाप म्हणतो "राहू दे डॉक्टर". राहू देता येत नाही. जवळच्या केंद्रात सीरम नसेल तर लस तिथेच सुरू करा आणि सात दिवसांच्या आत सीरमसाठी मोठ्या इस्पितळात, लागलं तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जा. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. चेहऱ्यावर घालावेच लागले तर आधी सीरम, मग सैल टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन बघायचं. मांजराचा चावा हाताला असेल तर तो दुसऱ्याच दिवशी सुजतो, तिथे अँटिबायोटिक लागतं.

आरोग्य केंद्रात कातडीत देतात त्या लशीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. लहानग्यांना मांडीवर चालते, कुल्ल्यावर कधीच नाही. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस बांधून लक्ष ठेवा, पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबत नाही. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतील. नाहीतर चौथा डोसही घ्यायचाच. पण सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसात तीन आठवड्यांची फट पडते, तेवढ्यात जखम भरते, चतुर्थी नाहीतर शिगमो येतो, आणि चौथा डोस राहून जातो. तारीख कॅलेंडरवर लिहा. कार्डही फेकू नका: पूर्ण डोस झालेल्या मुलाला पुन्हा कुत्रा चावला तर 0 आणि 3 या दोनच दिवशी लस पुरते, आणि सीरमच्या सुया टळतात. कार्ड नसेल तर सगळं पहिल्यापासून.