वायफायचं कुलूप आणि आपला मोबाईल नंबर

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या अपार्टमेंटच्या जिन्यात उभं राहून फोनवर वायफायची यादी उघडा, दहा-पंधरा नावं सहज दिसतील. गावभागातल्या जुन्या वाड्याच्या भिंती जाड, तिथं लहरी अडतात; पण खिडकी उघडी असली की त्या थेट बोळात. वायफायला उंबरठा नसतो. कुलूप काय ते पासवर्डचं, आणि पुष्कळ घरांत तो पासवर्ड म्हणजे कुणाचा तरी मोबाईल नंबर.

त्यात बिघडतं काय, ते आकड्यांत बघू. आपले मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नं. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती बाहेरचा माणूस टिपून घरी नेऊ शकतो. मग त्याला तुमच्या दारात ताटकळायला नको. कॉम्प्युटरमधलं चांगलं ग्राफिक्स कार्ड त्या टिपणाशी सेकंदाला काही लाख पासवर्ड ताडून बघतं. ४०० कोटींचा फडशा काही तासांत. आणि तो नंबर तुमच्या दुकानाच्या पाटीवरच असेल, तर तेवढेही कष्ट नकोत.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा: टोपली, रविवार, जिना, हळद असे. हेच मात्र घेऊ नका, आत्ता सगळ्यांनी ऐकलेत.

बदलायचा कुठं? राउटर उलटा करा. तळाच्या स्टिकरवर बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता आणि युजरनेम-पासवर्ड असतो. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. पासवर्ड दोन आहेत बरं का: हे पान उघडायचा वेगळा, वायफायचा वेगळा. दुसरा बदलून पहिला ‘अ‍ॅडमिन’ तसाच ठेवू नका.

त्याच पानावर सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-२, एईएस निवडा; वायफायवरची माहिती सांकेतिक करून पाठवायची ही पद्धत. डब्ल्यूपीए-३ असेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय घ्या; नुसतं ३ ठेवलं तर जुना प्रिंटर जोडला जात नाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत पिन सापडतो. २०११ मध्येच हे उघड झालं, तरी काही जुन्या राउटरमध्ये ते अजून चालू असतं.

एक जपा. कुठं अडलं म्हणून टाचणीनं रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरू नका. फायबरवाल्यानं भरलेलं लॉगिनही त्यात पुसलं जातं, आणि तो येईपर्यंत नेट बंद. पासवर्ड बदलल्यावर टीव्ही, कॅमेरा सगळंच तुटतं, ते ठीक आहे. जोडताना त्यांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर घाला, म्हणजे ते कॉम्प्युटरपासून वेगळे राहतात.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ चालत असेल तर ते घ्या. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरा. फोटो, जमिनीची कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि वायर काढून डिस्क कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर फायली कुलूपबंद करणारा व्हायरस तिच्यावरही हात मारतो. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर सकाळची वाट न बघता लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.